शॉटरीचे शाकारलेले घर

इंग्लंडच्या मध्यभागी वॉरविकशायर नावाचा परगणा आहे. एव्हन नदी या परगण्यातून संथपणे वाहते. तिच्या काठी स्ट्रॅटफर्ड हे गाव असून जगप्रसिद्ध नाटककार विल्यम शेक्सपिअर याचा जन्म १५६४ साली तेथेच झाला. या गावापासून पश्चिमेस सुमारे एक मैल चालत गेले म्हणजे शॉटरी नावाची वस्ती लागते. तेथे फुलबागेच्या पलीकडे, चढत्या जमिनीवर, एक लांबट घर उभे आहे. त्याच्या भिंती लाकडी चौकटींनी आखलेल्या असून त्यांवर जाड, मऊ वळणांचे गवती छप्पर विसावलेले आहे. शेक्सपिअरची पत्नी ॲन हॅथवे हिचे हे माहेर. देशोदेशींचे प्रवासी ते पाहावयास येतात.

बहुतेक प्रवासी या घराकडे एका थोर कवीचे स्मारक म्हणून पाहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु हे घर प्रथम उभे राहिले, तेव्हा कवीच्या जन्मास अजून सुमारे शंभर वर्षे अवकाश होता. कवीचा विचार क्षणभर बाजूस ठेवून नुसत्या वास्तूकडे पाहिले, तरी तिच्यापासून पुष्कळ शिकता येते. एका शेतकऱ्याने आपले घर कशाचे बांधले, त्याच्या मागून आलेल्यांनी ते कसे बदलले आणि लाकूड, माती व गवत यांसारख्या नाशवंत पदार्थांचे हे घर साडेपाचशे वर्षे कसे टिकले, ही कथा त्या भिंतींतून आणि छपरातून वाचता येते.

आज या घरास ‘ॲन हॅथवेची कॉटेज’ म्हणतात. कॉटेज म्हणजे लहानसे, साधे घर. हे नाव पुढील काळातील लोकांनी कौतुकाने दिले. ते वस्तुस्थितीला धरून नाही. शेक्सपिअरच्या काळी या जागेस न्यूलँड्स फार्म म्हणत. बारा खोल्यांची ही वास्तू म्हणजे शेतकऱ्याचे मोठे नांदते घर होते आणि त्याला नव्वद एकरांहून अधिक जमीन लागून होती. ॲनचे आजोबा जॉन हॅथवे हे ती जमीन खंडाने करीत. हे घराणे ‘योमन’ वर्गातील होते. उमरावांच्या खाली आणि शेतमजुरांच्या वर असलेला, स्वतः राबणारा आणि खाऊनपिऊन सुखी असलेला शेतकरी म्हणजे योमन. अशा शेतकऱ्यांनी आपल्या घरांचे नकाशे कागदावर काढले नाहीत आणि बांधणाऱ्या सुतारांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून त्यांची घरे हीच त्यांची बखर होय.

घराचा सर्वांत जुना भाग १४६३ च्या सुमारास उभारला गेला. हे साल लाकडानेच सांगितले आहे. झाडाच्या खोडात दरवर्षी एक नवे कडे वाढते. हवापाणी अनुकूल असले की ते रुंद होते, प्रतिकूल असले की अरुंद राहते. या रुंद-अरुंद कड्यांचा क्रम कोणत्या वर्षांशी जुळतो, हे पाहून झाड केव्हा तोडले गेले ते तज्ज्ञांना ठरविता येते. घराच्या सांगाड्यातील ओक लाकडाने आपल्या वयाची साक्ष अशी दिली आहे.

या सांगाड्याची रचना मोठी चतुराईची आहे. एव्हनच्या उत्तरेस आर्डनचा वनप्रदेश पसरलेला होता आणि तेथे ओकची झाडे विपुल होती. सुतार मुद्दाम वाकडे वाढलेले झाड निवडीत. ते उभे चिरले म्हणजे एकाच वळणाचे दोन सारखे भाग मिळत. नमस्काराच्या वेळी दोन्ही हात जुळवावेत, त्याप्रमाणे हे दोन भाग समोरासमोर उभे करून त्यांची टोके आढ्यापाशी मिळवीत आणि मधोमध एक आडवे लाकूड देऊन त्यांना बांधून टाकीत. अशा जोडीस इंग्रजीत ‘क्रक’ म्हणतात. काही अंतरावर दुसरी जोडी, तिच्यापुढे तिसरी, अशा रीतीने घर लांबत जाई. दोन जोड्यांमधील जागेस आपण खण म्हणतो. इंग्रज शेतकरीही आपले घर असेच खणांवर मोजत असे.

या रचनेचा एक फायदा असा, की छपराचा भार त्या वाकड्या जोड्याच पेलतात; तो भिंतींवर फारसा येत नाही. एखादी भिंत पडली किंवा पाडून नव्याने बांधली, तरी छप्पर जागच्या जागी राहते. पुढे या घरात जे अनेक बदल झाले, ते याच गुणामुळे सुलभ झाले.

लाकडे जोडण्यासाठी लोखंडी खिळ्यांचा उपयोग करीत नसत. एका लाकडास जीभ काढावयाची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडावयाची, जीभ खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकावयाची, अशी पद्धत होती. सुतार सर्व सांगाडा प्रथम आपल्या कामाच्या आवारात आडवा जुळवून पाहत आणि सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरून ठेवीत. मग तो सुटा करून गाडीवर घालून जागेवर नेत आणि खुणा पाहून पुन्हा जुळवीत. लाकूड ओलेच वापरीत, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो, की त्यावर हत्यार चालविणे अवघड जाते. ते लाकूड पुढे जागच्या जागी वाळे, आकसे आणि सांधे अधिक घट्ट आवळून धरी. त्याच वेळी ते थोडेसे पिळेही. जुन्या घरांच्या तुळया वाकलेल्या व चौकटी तिरप्या दिसतात, यास सुताराची हयगय कारणीभूत नसून ओल्या ओकचा स्वभाव कारणीभूत आहे.

सांगाडा उभा झाला, की चौकटींमधील रिकाम्या जागा भरावयाच्या. हे काम आपल्याकडील खेड्यांत वाढलेल्या कोणासही ओळखीचे वाटेल. चौकटीत उभ्या काठ्या बसवून त्यांच्यात हेझल या झुडपाच्या लवचिक फोका विणीत. मग माती, शेण आणि काडाचे तुकडे एकत्र तुडवून तो चिखल दोन्ही बाजूंनी थापीत आणि वाळल्यावर वरून चुन्याचा हात देत. आपण ज्यास कूड म्हणतो, तोच हा प्रकार. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन देशांतील शेतकऱ्यांनी सारख्याच गरजेला सारखेच उत्तर शोधावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडातील जुन्या घरांचे लाकूड काळेभोर व भिंती पांढऱ्या शुभ्र दिसतात खऱ्या. पण लाकडास काळा रंग देण्याची चाल बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील आहे. त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी ओक तसाच उघडा ठेवीत आणि उन्हापावसाने त्यास रुपेरी करडी छटा येई.

मातीच्या भिंतीचे दोन शत्रू, खालून येणारी ओल आणि वरून येणारा पाऊस. पहिल्यापासून रक्षण करण्यासाठी सांगाडा जमिनीवर न ठेवता दगडी जोत्यावर ठेवलेला आहे. दुसऱ्यापासून रक्षण करण्याचे काम छप्पर करते. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहे. तत्पूर्वी घरात डोकावले पाहिजे.

आरंभी हे घर आतून आजच्याहून अगदी निराळे होते. समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक बोळ आरपार जाई आणि त्याच्या एका अंगास ‘हॉल’ म्हणजे घराची मुख्य मोठी खोली असे. तिला वर माळा नव्हता. जमिनीवरून पाहिले तर थेट आढे दिसे. अशा हॉलच्या मध्यभागी जमिनीवर विस्तव पेटलेला असे. त्यावरच स्वयंपाक होई आणि त्याच्याच उबेस सारे घर बसे. धुराड्याचा पत्ता नसे. धूर वर चढे, वाशांत घोटाळे आणि छपरातील फटींतून सावकाश बाहेर पडे. इंग्लंडातील कित्येक जुन्या घरांचे वासे त्या धुराने आजही काजळलेले आहेत. या धुराने डोळे चुरचुरत, पण वर टांगलेले मांस टिके आणि छपरातील किडे दूर राहत.

खिडक्यांना तेव्हा काच नसे. लाकडी गजांमधून उजेड येई आणि त्याबरोबर वाराही येई. खिडकीसाठी इंग्रजीत जो ‘विंडो’ हा शब्द आहे, तो उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे. संस्कृतातील ‘गवाक्ष’ या शब्दाचा अर्थ ‘बैलाचा डोळा’. दोन्ही लोकांना भिंतीतील त्या छिद्रास डोळाच म्हणावेसे वाटले, हे मौजेचे आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या ग्रामीण जीवनात मोठे स्थित्यंतर घडून आले. लोकर व धान्य यांस चांगला भाव येऊ लागला आणि योमन शेतकऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला. एसेक्स परगण्यातील विल्यम हॅरिसन नावाच्या धर्मोपदेशकाने १५७७ साली इंग्लंडचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या गावच्या वृद्धांना आपल्या हयातीत तीन गोष्टी फार बदललेल्या दिसत होत्या, असे त्याने नमूद केले आहे. एक, जिकडे तिकडे उभी राहिलेली धुराडी. दुसरी, काडाच्या अंथरुणाऐवजी आलेले मऊ बिछाने. आणि तिसरी, लाकडी थाळ्यांच्या जागी आलेली कथिलमिश्रित धातूची भांडी. राजे व लढाया यांच्या इतिहासात धुराड्यास स्थान मिळत नाही. परंतु सामान्य माणसाचे जीवन त्याने बदलून टाकले.

धुराड्याने काय साधले, हे शॉटरीच्या घरात स्पष्ट दिसते. विस्तव खोलीच्या मध्यातून उठून दगडविटांच्या भिंतीत गेला आणि धुरास स्वतंत्र वाट मिळाली. धूर नाहीसा झाल्याबरोबर वरची पोकळी मोकळी झाली. मग हॉलवर तुळया टाकून पाटणी करता आली आणि एका घराचे दुमजली घर झाले. वरच्या मजल्यावर निजावयाच्या खोल्या निघाल्या. तेथे आजही जुन्या क्रकची वाकडी लाकडे खोलीतून वर जाताना दिसतात. पूर्वी सारे कुटुंब एकाच विस्तवाभोवती बसे, तेथेच निजे. आता प्रत्येकास थोडा एकांत मिळू लागला. स्वयंपाकघरात चुलाण्याशेजारी भाकरी भाजण्याची भट्टी आहे, तीही अशाच सुधारणेची खूण होय. घरातील एका धुराड्यावर १६९७ हे साल कोरलेले असून दुरुस्तीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होते, याची ते ग्वाही देते.

ॲनचे वडील रिचर्ड हॅथवे हे १५८१ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रावरून त्या काळी घर म्हणजे काय समजत, हे कळून येते. मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यावेत, असे त्यांनी लिहून ठेवले. त्याचबरोबर हॉलमधील भिंतींना लावलेल्या लाकडी फळ्या आणि बैठकीच्या खोलीतील दोन मोठे पलंग, पत्नी व मुले यांच्या हयातीत जागचे हलवू नयेत, अशीही आज्ञा त्यांनी केली. आज ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. पण त्या काळी भिंतीच्या फळ्या, इतकेच काय, खिडक्यांच्या काचाही घराच्या मालकाबरोबर हलणारी चीजवस्तू मानल्या जात. घरातील माणसे गेली तरी घर मोडू नये, ही त्या मरणोन्मुख शेतकऱ्याची तळमळ होती. पुढील वर्षी, म्हणजे १५८२ च्या नोव्हेंबरात, ॲनचा शेक्सपिअरशी विवाह झाला. तिचा भाऊ बार्थोलोम्यू याने १६१० साली हे घर खरेदी केले आणि हॅथवे कुळाचे मालक झाले. घरास चढाच्या बाजूने नवा भाग जोडला गेला, तोही याच भरभराटीच्या काळातील होय.

आता छपराकडे वळावयाचे. इंग्लंडात शाकारणीसाठी मुख्यतः दोन वस्तू वापरतात. पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात दलदलीतील बोरू, आणि जेथे धान्य पिकते तेथे गव्हाचे काड. ज्या शेतातून पोटाला भाकरी मिळे, त्याच शेतातून डोक्यावर छप्परही येई. काड ओले करून, हातांनी ओढून सरळ करतात आणि त्याच्या घट्ट जुड्या बांधतात. शाकारणारा वळचणीपासून आरंभ करून आढ्याकडे चढत जातो. प्रत्येक थर खालच्या थरावर पुष्कळसा चढलेला असतो. थर दाबून धरण्यासाठी वर हेझलच्या आडव्या काठ्या ठेवतात आणि त्या पक्क्या करण्यासाठी हेझलच्याच चिरलेल्या काड्या मध्यावर पिळून, केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडून, काडात खुपसतात. सर्वांत शेवटी आढ्यावर काडाचीच जाड टोपी बसवितात.

गवतातून पाणी कसे गळत नाही, याचे आश्चर्य वाटते. त्याचे रहस्य उतारात आहे. छपराचे पाखे सुमारे ४५ ते ५० अंशांनी उतरते ठेवलेले असतात. पावसाचा थेंब एका काडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असा घसरत वळचणीस पोहोचतो. त्यास आत शिरण्यास अवधीच मिळत नाही. भर पावसातही वरचा थोडासा थरच भिजतो, आणि फूटभर जाडीच्या आतील काड कोरडेच राहते. वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असते. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि मातीचे लिंपण धुऊन जात नाही. काडांच्या नळ्यांत व फटींत हवा कोंडलेली असल्यामुळे घर हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड राहते. वरच्या मजल्यावरील खिडक्यांपाशी छप्पर किंचित उचलून घेतलेले असते, तेव्हा ते डोळ्यावरील भुवईसारखे दिसते. या घराचे जे सौंदर्य पाहून प्रवासी मोहित होतात, त्याचा बराचसा भाग असा पावसाशी केलेल्या झुंजीतून निर्माण झालेला आहे.

असे छप्पर कायमचे मात्र नसते. काडाचे छप्पर बहुधा पंधरा ते पस्तीस वर्षे टिकते, बोरूचे त्याहून अधिक. आढ्यावरील टोपी तर दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. शाकारणारे पुष्कळदा सर्व जुने काड काढून टाकीत नाहीत. कुजलेला थर तासून त्यावर नवा चढवितात. त्यामुळे विशेषतः डेव्हन परगण्यातील काही घरांत अगदी तळाचे थर पाचशे वर्षांपूर्वीचे, मोकळ्या विस्तवाच्या धुराने काळवंडलेले असे सापडले आहेत. त्या थरांत मध्ययुगातील गव्हाच्या लोंब्या व शेतातील तण जसेच्या तसे राहिले असून अभ्यासकांनी त्यांवरून त्या काळच्या शेतीची माहिती मिळविली आहे. छप्पर हे अशा रीतीने धान्याचे संग्रहालयही ठरले.

गवती छपरास सर्वांत मोठे भय अग्नीचे. लंडन शहरात १२१२ साली भीषण आग लागली, तेव्हा नगराधिकाऱ्यांनी गवती छपरांना बंदी केली. खेड्यांत घरे एकमेकांपासून दूर असल्याने ती चाल टिकून राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात कालवे व आगगाड्या यांच्या मार्गे वेल्समधील पाटीचा दगड आणि स्वस्त विटा देशभर पोहोचू लागल्या. गवती छप्पर हे दारिद्र्याचे लक्षण मानले जाऊ लागले. पुष्कळ जुनी शेतघरे मजुरांसाठी तुकडे करून देण्यात आली, कित्येक पाडली गेली, कित्येक दुर्लक्षाने कोसळली.

हॅथवे घराण्यासही याच शतकात वाईट दिवस आले. पैशाच्या अडचणीमुळे शतकाच्या पूर्वार्धात मालकी त्यांच्या हातून गेली आणि ज्या घराचे ते मालक होते, त्याच घरात त्यांना भाडेकरू म्हणून राहावे लागले. त्या कुळातील मेरी बेकर ही वृद्धा येणाऱ्या प्रवाशांना घर दाखवी आणि जुन्या गोष्टी सांगे. याच सुमारास इंग्लंडात जुन्या वास्तूंविषयी नवी जाणीव उत्पन्न होत होती. कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. जुनी वास्तू पाडून ‘जुन्यासारखी’ नवी करू नये, वेळच्या वेळी साधी दुरुस्ती करून तिला जगवावी, असे तिचे मत होते. शेक्सपिअर जन्मस्थान न्यासाने १८९२ साली शॉटरीचे घर ३००० पौंडांस विकत घेतले. मेरी बेकरला मात्र घराबाहेर काढले नाही. अखेरपर्यंत ती तेथेच राहिली. चार वर्षांनी, १८९६ साली, नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथील धर्मोपदेशकाचे जुने घर १० पौंडांस घेतले. त्या संस्थेने घेतलेली ती पहिली वास्तू. तेही लाकडी सांगाड्याचे व गवती छपराचेच होते.

घर विकत घेतल्याने त्याचे रक्षण संपत नाही, याचा प्रत्यय पुढे आला. १९६९ च्या नोव्हेंबरात शॉटरीच्या घरास आग लागली. गवती छपराची आग विझविणे फार कठीण असते. जो गुण पावसास आत येऊ देत नाही, तोच अग्निशामक बंबाच्या पाण्यासही आत येऊ देत नाही. पाणी वरून ओघळून जाते आणि आत काड धुमसत राहते. म्हणून अशा वेळी आगीच्या पुढचे काड उपसून तिची वाट तोडावी लागते. या आगीत घराची मोठी हानी झाली, पण सुदैवाने ते वाचले. त्यानंतर न्यासाने जुन्या पद्धतीने त्याची डागडुजी केली. आज ते पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

या दुरुस्तीस पैसा पुरत नाही; ओळखीचे हात आणि योग्य काड हेही लागते. यंत्राने कापणी व मळणी एकदम होऊ लागली, तेव्हा काड चेंगरू लागले. नव्या जातींचा गहू बुटका आला, कारण उंच गहू खताच्या जोमाने वाढून आडवा पडे. दाण्याच्या दृष्टीने हे उत्तम झाले, पण छपरासाठी लांब, पोकळ व चिवट काड मिळेनासे झाले. म्हणून काही शेतकरी केवळ शाकारणीसाठी ‘मारिस विजन’सारख्या उंच जातीचा गहू पेरतात आणि जुन्या धर्तीच्या यंत्रांनी कापतात. एक छप्पर राखावयाचे, तर त्यासाठी गव्हाचे बी राखावे लागते, हेझलची झुडपे राखावी लागतात आणि काड ओढून बसविण्याची विद्या एका पिढीने दुसरीस शिकवावी लागते. यांतील एक दुवा तुटला, तरी कितीही द्रव्य खर्चून ते छप्पर पुन्हा होणार नाही.

शॉटरीच्या घरातील विस्तव जागा सोडून गेला, माळा नंतर आला, धुराडी पुन्हा बांधली गेली, आणि छपराचे काड तर किती वेळा बदलले, त्याची गणती नाही. दगडी किल्ले त्याच काळात ओस पडले. हे माती-गवताचे घर उभे राहिले, कारण प्रत्येक पिढीने त्यात थोडे बदलले आणि पुष्कळसे तसेच ठेवले. काय बदलावे आणि काय ठेवावे, हे कळण्यासाठी ते घर कसे बांधले होते, हे माहीत असावे लागते. शाकारणाऱ्याच्या हातांनी ते ज्ञान आजवर सांभाळले आहे.

स्वाध्याय

१. ‘कॉटेज’ हे नाव या घरास शोभत नाही, असे का म्हटले आहे?
२. क्रकच्या रचनेमुळे घरात पुढे बदल करणे कसे सोपे झाले?
३. धुराडे आल्यानंतर घराच्या रचनेत व घरातील माणसांच्या राहणीत कोणते फरक पडले?
४. कारणे द्या : (अ) गवती छप्पर उतरते असते. (आ) वळचण भिंतीच्या पुढे काढतात. (इ) गवती छपराची आग विझविणे कठीण असते.
५. रिचर्ड हॅथवे यांच्या मृत्युपत्रातून त्यांची कोणती तळमळ व्यक्त होते?
६. पुढील शब्दांचे अर्थ समजावून घेऊन वाक्यांत उपयोग करा : आढे, खण, जोते, वळचण, पागोळ्या, शाकारणे.
७. तुमच्या गावातील एखादे जुने घर पाहा. ते कशाचे बांधले आहे, त्यात कोणते बदल झाले आहेत आणि त्याची दुरुस्ती करणारे कारागीर आज आहेत काय, याविषयी घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून पंधरा ओळी लिहा.